हवेचं खातं

मराठी माणूस पंक्चर दुरुस्त करत नाही, तो पंक्चर ‘काढतो’. दात काढावा, वरात काढावी, खोडी काढावी, कर्ज काढावं, त्याच चालीवर पंक्चर काढायचं. आता पंक्चर म्हणजे शेवटी एक भोक. भोक म्हणजे जिथं रबर असायला हवं तिथं ते नसणं. जी वस्तू मुळातच नाही ती काढणार कशी, हा प्रश्न एखाद्या न्यायशास्त्र्याला पडावा असा आहे. आम्हां वाणिज्य शाखेच्या लोकांना मात्र त्यात अडचण वाटत नाही. नुकसानीतून नुकसान वजा केलं की खातं पूर्ववत होतं, एवढं आम्हांला पहिल्याच वर्षी शिकवलेलं असतं. शिवाय पंक्चर नुसतं निघत नाही, ते आधी ‘सापडावं’ लागतं, आणि एक शोधायला गेलं की दोन निघतात. जुन्या कागदपत्रांच्या बाबतीत इतिहाससंशोधकांचा अनुभव नेमका असाच असतो म्हणतात. तेव्हा पंक्चरलाही इतिहास असलाच पाहिजे आणि तो कोणीतरी लिहिलाच पाहिजे, अशा कर्तव्यबुद्धीने मी हे काम अंगावर घेतलं आहे.

हे काम माझ्याकडेच का यावं, याला कारण माझा पत्ता. मी तेरखेड्यात एका बँकेत कारकून आहे. तेरखेडा हे धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातलं, सोलापूर-धुळे रस्त्यावरचं गाव. गावाची ख्याती फटाक्यांची. इथे फटाके तयार होतात आणि दिवाळीच्या सुमाराला लांबलांबची माणसं ते न्यायला येतात. याचा परिणाम असा झाला आहे, की इतर गावांत एखाद्याचा टायर फुटला तर माणसं धावत बाहेर येतात. आमच्याकडे कोणी मान वर करत नाही. फार तर एखादा दुकानदार शेजाऱ्याला म्हणतो, ‘माल बरा दिसतोय.’ नवख्या वाहनचालकाला या थंडपणाचा फार राग येतो. गावची दुसरी संपत्ती बाभळीची. एक आपली गावठी बाभूळ आणि दुसरी तिची परदेशी चुलतबहीण, वेडी बाभूळ. ही दुसरी एकोणिसाव्या शतकात समुद्र ओलांडून हिंदुस्थानात आली आणि कोणी आग्रह न करताही राहिली. त्यामुळे पाण्याच्या बाबतीत आमचं काहीही होवो, काट्यांच्या बाबतीत आम्ही पूर्ण स्वावलंबी आहोत.

तसं पाहिलं तर पंक्चर ही फार पुरातन गोष्ट नाही. चाक हजारो वर्षांचं, पण त्यात हवा भरायची बुद्धी माणसाला झाली ती पावणेदोनशे-एकशेऐंशी वर्षांपूर्वी. त्याआधी बैलगाडीच्या चाकाला लोहार लोखंडी धाव चढवायचा. धाव तापवून लाल करायची, चाकावर बसवायची, वरून पाणी ओतायचं. ती आवळून बसली की वर्षानुवर्षं काळजी नाही. या चाकाखाली काटा आला तर काटाच मोडायचा. १८९७ साली बार्शीची छोटी रेल्वे सुरू झाली आणि ती आमच्या येडशीवरून १९११ साली लातूरपर्यंत पोचली, तिचीही चाकं लोखंडाचीच. त्या काळातला प्रवासी हाडं खिळखिळी करून घ्यायचा, पण चाकातली हवा गेली म्हणून वाटेत बसून राहायचा नाही. सुखाचा प्रवास आणि पंक्चर या दोन्ही गोष्टी जगात एकाच दिवशी जन्माला आल्या. जमा आणि नावे, दोन्ही एकाच तारखेला! दुहेरी नोंदीच्या पद्धतीचा याहून स्वच्छ नमुना मला आमच्या खतावणीतही सापडलेला नाही.

तो दिवस आणला रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या एका स्कॉटिश माणसाने. त्याच्या आधी चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाने १८३९ साली रबर आणि गंधक एकत्र तापवलं, तर ते उन्हाळ्यात पाघळत नाही आणि हिवाळ्यात कडक होत नाही, असा शोध लावला होता. थॉमसनने त्या रबराची पोकळ नळी केली, वरून चामडं घातलं, आत हवा भरली आणि १८४५ साली त्याचं पेटंट घेतलं. तेव्हा त्याचं वय होतं २३. माझ्या तेविसाव्या वर्षी मी बँकेच्या परीक्षेचे अर्ज भरत होतो, हे जाता जाता सांगून ठेवतो. १८४७ साली लंडनच्या रीजंट पार्कात त्याने ही चाकं घोडागाड्यांना लावून दाखवली. गाडी आवाज न करता धावते, घोड्याला ओढायला हलकी जाते, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. आणि मग लोकांनी काय केलं? लोक घरी गेले. मोटार अजून जन्मायची होती, सायकल बाल्यावस्थेत होती, पातळ रबर महाग होतं. बाजारात गरज निर्माण व्हायच्या आधीच माल येऊन पडला, की त्याचं जे होतं ते झालं. थॉमसन पुढे भरीव रबराकडे वळला. त्याच्या वाफेवर चालणाऱ्या, भरीव रबरी चाकांच्या गाड्या १८७० नंतरच्या काळात हिंदुस्थानातही आल्या. म्हणजे हवेच्या चाकाचा जनक आपल्याकडे पोचला तो बिनहवेच्या चाकांवरून.

यानंतर चाळीस वर्षं शांतता. मग बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलप नावाचा एक जनावरांचा डॉक्टर निघाला. हाही मूळचा स्कॉटलंडचा. त्याच्या मुलाची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावर फार धडधडायची. थॉमसनबद्दल त्याने काही ऐकलेलं नव्हतं. १८८७ साली त्याने एका लाकडी चकतीला रबराची नळी गुंडाळली, हवा भरली, वर कापड ठोकलं, आणि ती चकती व सायकलचं जुनं चाक अशी दोन्ही अंगणातून घरंगळत सोडली. जुनं चाक मध्येच आडवं झालं. हवेची चकती अंगण ओलांडून पलीकडे जाऊन धडकली आणि उलटी परत फिरली. १८८८ साली त्याला पेटंट मिळालं. १८८९ साली विली ह्यूम नावाच्या सायकलस्वाराने ही जाडजूड चाकं लावून बेलफास्टच्या शर्यती जिंकल्या, आणि हसणाऱ्या लोकांनी हसणं थांबवून ऑर्डरी दिल्या.

आता यापुढचा भाग आमच्या, म्हणजे पैशाच्या, खात्यातला आहे. १८९० साली डनलपला कळवण्यात आलं, की थॉमसनचं पेटंट पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं असल्यामुळे तुमचं पेटंट ग्राह्य धरता येत नाही. थॉमसन तर १८७३ सालीच वारला होता. म्हणजे एकाने शोध लावला तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं, आणि दुसऱ्याला गिऱ्हाईक मिळालं तेव्हा शोध त्याचा नव्हता. डनलप १८९५ साली कंपनीतून बाहेर पडला, आणि पुढच्याच वर्षी ती कंपनी तीस लाख पौंडांना विकली गेली! वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगतो, बाहेर पडायची तारीख हा अर्थशास्त्रातला सर्वांत अवघड विषय आहे. पैसा गेला, पण नाव मात्र राहिलं. आणि कुठे राहिलं बघा. १९३६ साली बंगालमध्ये हुगळीच्या काठी साहागंजला डनलपचा कारखाना निघाला. पुढे टायर बैलगाड्यांनाही लागले, आणि आपल्याकडे अशा टायरच्या बैलगाडीचं नावच पडलं ‘डनलप’. ‘डनलप जुंपला का रं?’ असं शेतकरी विचारायचा, तेव्हा जनावरांच्या या डॉक्टरचं नाव अखेर बैलांच्याच मागे जाऊन बसलं होतं. माणूस आपल्या मूळ खात्यावर परत येतो तो असा.

पण डनलपच्या चाकात एक मोठी खोट होती. टायर चाकाला चिकटवलेला असायचा. १८८९ साली फ्रान्समध्ये क्लेर्मों-फेराँ गावी एक सायकलवाला असलं पंक्चर झालेलं चाक घेऊन मिशेलिन बंधूंच्या रबराच्या कारखान्यात आला. टायर सोडवून पंक्चर काढायला तीन तास लागले आणि चिकटवलेलं वाळायला अख्खी रात्र. दुसऱ्या दिवशी एदुआर मिशेलिनने सायकल चालवून पाहिली, तर थोड्याच अंतरावर पुन्हा हवा गेली. आपण असतो तर कपाळावर हात मारून घरी आलो असतो. मिशेलिन म्हणाला, हवेची कल्पना उत्तम आहे, पण टायर चटकन निघाला पाहिजे. १८९१ साली त्यांनी काढता-घालता येणारा टायर आणला, आणि त्याच वर्षी पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशी शर्यत शार्ल तेरोंने त्या टायरांवर जिंकली. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःच एक शर्यत भरवली आणि, असं सांगतात, की पंक्चर किती झटपट निघतं हे जगाला कळावं म्हणून वाटेवर मुद्दाम खिळे टाकून ठेवले! हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला फार हायसं वाटलं. हमरस्त्यावर पंक्चर झालं आणि शंभर पावलांवर दुकान दिसलं, की आपल्या मनात एक शंका येतेच. त्या शंकेला एवढी थोर परंपरा असेल असं वाटलं नव्हतं.

टायर निघू लागला, तरी रस्त्यात बसून तो काढणार कोण? सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचंच. ही अडचण ओळखली वेल्समधल्या लानेली गावच्या डेव्हिस बंधूंनी. १९०४ साली त्यांनी एक तयार हवा भरलेलं, बिनआऱ्यांचं चाक काढलं. ते पंक्चर झालेल्या चाकाच्या बाजूला पकडींनी अडकवायचं आणि घर गाठायचं. त्यांचं दुकान होतं स्टेपनी स्ट्रीटवर, म्हणून चाकाचं नाव स्टेपनी. पुढे आख्खं चाकच बदलायची सोय झाली आणि विलायतेत हा शब्द जवळजवळ विसरला गेला. आपण मात्र तो सोडला नाही. वेल्समधल्या एका गल्लीचं नाव तेरखेड्याचं पाचवीतलं पोर आज बिनचूक घेतं. शिवाय आपण ते फक्त चाकापुरतं ठेवलं नाही. लग्नात जादा आणलेला आचारी, क्रिकेटच्या संघातला बारावा गडी, सुट्टीवर गेलेल्या कॅशियरच्या जागी बसवलेला मी, हे सगळे स्टेपनीच.

एवढी सगळी तयारी झाली आणि मग रंगमंचावर स्कूटर आली. इटलीत पोंतेदेरा गावी पिआज्जोचा विमानांचा कारखाना होता. महायुद्धात त्याची धूळधाण झाली आणि विमानं करायचं कामही संपलं. तेव्हा एन्रिको पिआज्जोने लोकांसाठी स्वस्त दुचाकी करायचं काम कोराडिनो द’आस्कानिओ या अभियंत्याकडे सोपवलं. हा माणूस विमानांचा आणि हेलिकॉप्टरचा. १९३० साली त्याच्या हेलिकॉप्टरने विक्रमही केले होते. मोटारसायकल त्याला मनापासून आवडायची नाही. साखळीच्या वंगणाने कपडे खराब होतात, टांग टाकून बसावं लागतं, आणि पंक्चर झालं तर चाक काढताना जीव जातो, अशी त्याची तक्रार. आता मोटारसायकल न आवडणाऱ्या माणसाकडे दुचाकीचं काम देणं, हे शाकाहारी माणसाला खानावळ काढायला लावण्यासारखं झालं. पण गंमत अशी, की त्यातूनच स्कूटर झाली. विमानाचं पुढचं चाक जसं एकाच बाजूने धरलेलं असतं, तसं त्याने स्कूटरचं चाक एका बाजूने धरलं. दुसरी बाजू मोकळी. नट सोडले की चाक हातात! १९४६ साली ही गाडी बाजारात आली आणि तिचं नाव पडलं व्हेस्पा, म्हणजे गांधीलमाशी. थोडक्यात, स्कूटर हे वाहन ज्या काही कारणांनी जन्माला आलं, त्यांतलं एक कारण पंक्चर आहे. जगात इतक्या छोट्या भोकातून एवढी मोठी वस्तू क्वचितच बाहेर पडली असेल.

आपल्याकडे बजाजांच्या बछराज ट्रेडिंगने १९४८ पासून व्हेस्पा आयात करायला सुरुवात केली. १९५९ साली दुचाकी-तिचाकी बनवायचा परवाना मिळाला. मुंबईच्या ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाची लँब्रेटाही होती. १९७१ साली पिआज्जोबरोबरचा करार संपला आणि १९७२ साली पुण्याहून आली ती ‘चेतक’. राणा प्रतापांच्या घोड्याचं हे नाव कोणी सुचवलं असेल ते असो, त्याला इतिहासाची फार चांगली जाण असली पाहिजे. १५७६ साली हळदीघाटात चेतकचा पाय जायबंदी झाला, तरी तो तीन पायांवर मालकाला सुखरूप घेऊन गेला, अशी कथा आहे. स्कूटरला मुळात पायच दोन, म्हणून कारखानदाराने तिसरा आधीच पाठीवर बांधून दिला. स्टेपनीचा याहून वीरश्रीयुक्त अर्थ मला तरी ठाऊक नाही.

पण स्कूटर मिळणं हेच एक युद्ध होतं. ती कोणाला आणि केवढ्याला विकायची यावर १९६० पासून सरकारी नियंत्रण होतं, आणि नंबर लावून माणसं वर्षानुवर्षं वाट पाहत बसायची. माझे वडील शाळामास्तर. त्यांनी नंबर लावला तेव्हा मी जन्मलो नव्हतो. स्कूटर घरी आली तेव्हा मी तिच्या पुढच्या बाजूला हँडल धरून उभं राहण्याइतका झालो होतो. मध्यमवर्गीय कुटुंबाची स्कूटरवरची रचना ठरलेली असे: पुढे थोरलं पोर उभं, मग वडील, त्यांच्यामागे आडवी बसलेली आई, आईच्या मांडीवर धाकटं, आणि सगळ्यात मागे स्टेपनी. पंक्चर झालं की ही उतरंड उलट्या क्रमाने खाली उतरायची. आई पदर सावरून झाडाच्या सावलीत उभी राहायची आणि रस्त्याकडे पाठ करायची, म्हणजे ओळखीचं कोणी गेलं तरी आपण या पार्टीतले नाही असं दाखवता यावं.

मग वडिलांचं काम सुरू होई. चाकाला पाच नट आणि रिमचे दोन अर्धे जोडणारे आणखी पाच. गाडी स्टँडवर घ्यायची, खाली दगड द्यायचा, फक्त बाहेरचे पाच सोडायचे, स्टेपनी चढवायची, नट समोरासमोरचे आलटून पालटून आवळायचे. रिम उघडायची असेल तर आधी हवा पूर्ण सोडायची, नाहीतर रिमचे अर्धे उडून तोंडावर येतात. हे सगळं वडील एकदाही न चुकता सांगत, आणि सांगता सांगता करत. तेवढ्यात चार माणसं जमायचीच. पैकी एक विचारायचा, ‘पंक्चर झालं का?’ दुसरा म्हणायचा, ‘हवा मारून बघितली का?’ तिसरा आपल्या मेव्हण्याला कुठे पंक्चर झालं होतं ते सांगायचा, आणि चौथा काही न बोलता खाली बसून पाना हातात घ्यायचा. आमच्या मुलखात हा चौथा माणूस नेहमी सापडतो. त्याचं नाव कोणी विचारत नाही. काम झालं की तो धोतराला हात पुसतो आणि चालू लागतो.

स्टेपनी चढली, तरी जुन्या ट्यूबचं पंक्चर काढायचं राहतंच, आणि त्यासाठी पंक्चरवाला लागतो. महाराष्ट्रातल्या हमरस्त्यांवर हे काम कित्येक ठिकाणी केरळहून आलेली माणसं करतात. तिकडे रबराची झाडं, इकडे रबराची भोकं. कच्चा माल आणि बाजारपेठ यांची अशी सांगड फार थोड्या धंद्यांत दिसते. आमच्या रस्त्यावर मात्र आहेत ते इथलेच, सगळे त्यांना मामा म्हणतात. मामांची पद्धत अशी. ट्यूब काढायची, हवा भरायची, पाण्याच्या घमेल्यात फिरवायची. बुडबुडा आला की तिथे काडी टोचून खूण. मग ते पुसायचं, कानशीने घासायचं, सोल्यूशन लावायचं आणि थांबायचं. सोल्यूशन बोटाला चिकटेनासं झालं की मगच पट्टी. घाई केली की पट्टी सुटली. ‘साहेब, हे लग्नासारखं हाय,’ मामा म्हणतात, ‘थोडं सुकू द्यावं लागतं.’

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते सगळ्या देशाने वाचलं. आमच्याकडे वेगळं नव्हतं. त्या उन्हाळ्यात मामांनी घमेलं पालथं घालून ठेवलं. ट्यूबमध्ये हवा भरायची, डोळे मिटायचे आणि ट्यूब हळूहळू गालाजवळून फिरवायची. भोकातून हवेची जी बारीक फुंकर येते ती गालाला लागली, की बोट तिथे. ‘पाणी प्यायचं का बुडबुडं बघायचं?’ एवढंच ते म्हणाले. मी आजवर अनेक तज्ज्ञांची अनुमानं वाचली आहेत; गालावरच्या त्या अनुमानाइतकं बिनचूक एकही निघालेलं नाही.

पण मामांची खरी विद्या पट्टी लावण्यात नाही. पट्टी लावून झाल्यावर ते टायरच्या आत हात घालतात आणि बोटं संपूर्ण आतून फिरवतात. बाहेरून न दिसणारं बाभळीच्या काट्याचं टोक आत तसंच असतं. ते राहिलं, तर पट्टी कितीही झकास असो, येरमाळा यायच्या आत हवा पुन्हा गेलेली. ते टोक बोटाला लागतं तेव्हा मामांच्या बोटातून कधीकधी रक्त येतं आणि चेहऱ्यावर समाधान येतं. बँकेत थकलेल्या कर्जांना नव्या तारखा चिकटवण्याच्या ज्या बैठका होतात, त्यांत मला या बोटांची फार आठवण येते.

आता या धंद्यावर संकट आलं आहे, आणि ते टायरवाल्यांनीच आणलं आहे. ट्यूब नसलेला टायर अमेरिकेत महायुद्ध संपल्यावर निघाला आणि हळूहळू आपल्या स्कूटरपर्यंत पोचला. त्यात खिळा गेला तरी हवा एकदम जात नाही. चाक न काढता रबराची दोरी खुपसली की पाच मिनिटांत काम. २००९ साली बजाजने स्कूटर बनवणं थांबवण्याचं जाहीर केलं. २०२० साली चेतक परत आली ती विजेवर, पाठीवरच्या तिसऱ्या पायाशिवाय. त्याच वर्षी सरकारने, ठरावीक अटी पाळल्या तर, मोटारींनाही स्टेपनी न ठेवण्याची मुभा दिली. आमचा रस्ताही चारपदरी झाला. अशा वेळी मामा एक दिवस बँकेत आले आणि म्हणाले, हवा भरायचं मशीन घ्यायचंय, बिनट्यूबचं सामान घ्यायचंय, कर्ज द्या.

मुद्रा योजनेत छोट्या धंद्याला पन्नास हजारांपर्यंतचं शिशुकर्ज बिनतारण मिळतं. मी अर्ज भरायला घेतला. ‘मामा, कच्चा माल?’ मामा म्हणाले, ‘हवा.’ ‘विक्रीचा माल?’ ‘हवाच की.’ ‘सध्या शिल्लक साठा?’ मामांनी खिडकीतून बाहेर रस्त्याकडे बोट दाखवलं. ‘समदा लोकांच्या टायरात हाय.’ मी अर्ज घेऊन मॅनेजरसाहेबांकडे गेलो. साहेब नव्याने बदलून आलेले, शहरातले. त्यांनी चश्मा वर केला. ‘अहो, हा धंदा संपत आलेला आहे. रस्ते सुधारले, टायर सुधारले. उद्या पंक्चर होणारच नाही, मग हा हप्ता कशातून भरणार?’

प्रश्न बिनतोड होता. थॉमसनच्या वेळी बाजारानेही असंच काहीसं म्हटलं असणार. मी मामांना आत बोलावलं आणि साहेबांचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. मामांनी टोपी काढून हातात घेतली, थोडा विचार केला आणि म्हणाले, ‘खरं हाय साहेब. रस्ता सुधारला, टायर सुधारला. पन काटा कुटं सुधारलाय?’

साहेबांनी सही केली.

याला आता काही वर्षं झाली. ते साहेब बदलून गेले. या काळात आमच्या शाखेत जमीन, सोनं आणि सिमेंटच्या इमारती तारण ठेवून दिलेली कितीतरी कर्जं थकली. हवेवर दिलेलं हे एक मात्र महिन्याच्या महिन्याला फिटत आलं आणि गेल्या वर्षी पुरतं मिटलं. शेवटचा हप्ता भरायला मामा आले तेव्हा नवं कर्ज मिळेल का विचारत होते. विजेवर चालणारी स्कूटर घ्यायची म्हणाले. पेट्रोल परवडत नाही आणि रोज गावातून रस्त्यापर्यंत चालणं आता गुडघ्यांना होत नाही.

‘घ्या की मामा,’ मी म्हटलं, ‘पण त्या गाडीला स्टेपनी नसते बरं का.’

मामा पावतीची घडी घालून खिशात ठेवत म्हणाले, ‘मला कशाला पायजे स्टेपनी? आन् तुमच्यासाटी मी हाय की.’